घरच्या जुन्या फोनला इंटरनेट अडॅप्टर: रजिस्टर्ड दिसतं, पण येणारे कॉल वाजत नाहीत

पिंपळपान

नमस्कार मंडळी,

आईसाठी घरात इंटरनेट फोन अडॅप्टर बसवला आहे. तिला आता टचस्क्रीनवरचं नीट दिसत नाही, पण मोठ्या बटणांचा तारेचा फोन ती न बघतासुद्धा लावते. म्हणून हँडसेट तोच ठेवून मागची लाइन तेवढी बदलायची, असा विचार.

मांडणी अशी आहे: इंटरनेट कंपनीचा मोडेम, त्याला जोडलेला माझा वायफाय राऊटर, राऊटरच्या लॅन पोर्टला अडॅप्टर आणि अडॅप्टरच्या एफएक्सएस पोर्टला (साध्या फोनची तार लावायच्या खोबणीला) फोन. अडॅप्टर मोकळा आहे, कुठल्या सेवेला लॉक केलेला नाही. सिप खातं (इंटरनेटवरून कॉल करायचं खातं) घेतलंय. त्यांनी दिलेला सर्व्हर, युजर आयडी आणि पासवर्ड भरला. स्टेटस पानावर 'रजिस्टर्ड' दिसतं, रिसीव्हर उचलला की डायल टोनही येतो.

आता अडचणी. अडॅप्टर रीस्टार्ट केला की थोडा वेळ येणारे कॉल छान वाजतात, मग बंद. फोन करणाऱ्याला 'उपलब्ध नाही' ऐकू येतं आणि त्याच वेळी स्टेटस पान मात्र 'रजिस्टर्ड' सांगत असतं. हे सगळ्यात जास्त लागतं, कारण आई फोनची वाट बघत बसते आणि आम्ही इकडून लावत राहतो. दुसरं, काही कॉलमध्ये आईचा आवाज पलीकडे जातो, पण पलीकडचा तिला येत नाही. तिसरं, नंबर दाबून झाल्यावर कॉल लागायला फार वेळ जातो. आणि 'अमुकसाठी एक दाबा' म्हणणाऱ्या यंत्रांना आम्ही दाबलेले आकडे कळतच नाहीत.

सेटिंगच्या पानांवर इतके रकाने आहेत की कुठून सुरुवात करावी समजत नाही. जाणकारांनी वाट दाखवावी.

तारायंत्र

लक्षणं इतकी नीट लिहिली आहेत की निदान सोपं होईल. रकाने सगळे वाचू नका. आधी बिघाड कुठल्या टप्प्यातला आहे ते वेगळं काढू.

इंटरनेट फोनमध्ये संकेत आणि आवाज यांच्या वाटा वेगळ्या असतात. 'घंटी वाजव', 'उचलला', 'ठेवला' हे निरोप सिपमधून जातात, बहुतेक ठिकाणी यूडीपीच्या (पोचेची वाट न बघता पॅकेट पाठवायच्या पद्धतीच्या) ५०६० क्रमांकाच्या पोर्टवरून. प्रत्यक्ष आवाज आरटीपी नावाच्या वेगळ्या प्रवाहात जातो. त्याचे पोर्ट प्रत्येक कॉलला नव्याने ठरतात आणि ते कुठले, हे सिपच्याच निरोपात लिहिलेलं असतं. तिसरा टप्पा अडॅप्टरपासून हँडसेटपर्यंतच्या तांब्याच्या तारेचा. तिथे इंटरनेटचा काही संबंध नाही.

त्यामुळे कॉल न वाजणं ही संकेताची अडचण. कॉल लागतो पण आवाज एकाच बाजूने, ही आरटीपीची. प्रतिध्वनी, मंद घंटी, कॉलर आयडी न दिसणं या गोष्टी बहुतेक वेळा तारेच्या टप्प्यातल्या. लोक आवाज येत नाही म्हणून पासवर्ड पुन्हा पुन्हा भरत बसतात. त्याचा काही उपयोग नसतो, कारण पासवर्ड चुकीचा असता तर रजिस्ट्रेशनच झालं नसतं.

एवढं बघून सांगा: राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता काय आहे, आणि मोडेमच्या पानावर काय आहे? रजिस्ट्रेशनची मुदत किती सेकंद आहे? 'कीप अलाइव्ह' (सर्व्हरला थोड्या थोड्या वेळाने छोटा निरोप पाठवत राहणं) चालू आहे का? राऊटरमध्ये 'सिप एएलजी' नावाचं काही दिसतं का? कोडेक (आवाज आकड्यांत बसवायच्या पद्धती) कुठल्या क्रमाने लावलेत आणि डीटीएमएफची, म्हणजे दाबलेले आकडे पाठवायची पद्धत कुठली निवडली आहे?

झटपट

इतकं खोलात जायची गरज नाही. राऊटरमध्ये ५०६० आणि आरटीपीचे सगळे पोर्ट अडॅप्टरकडे फॉरवर्ड करा, म्हणजे बाहेरून आलेलं थेट त्याच्याकडे वळेल, किंवा सरळ अडॅप्टर डीएमझेडमध्ये (बाहेरून सगळं उघडं असलेल्या जागी) टाका. माझ्याकडे असंच चालू आहे.

रातकिडा

कृपया हे करू नका. आमच्याकडे जोडणी करायला आलेल्या माणसाने ५०६० असाच उघडून ठेवला होता. रात्री-अपरात्री फोन वाजायचा, उचलला तर पलीकडे कोणी नाही, आणि कॉलर आयडीवर १०० किंवा १००१ असले नंबर. घरात म्हातारी माणसं असली की रात्रीच्या घंटीने काळजाचं पाणी होतं. फॉरवर्डिंग काढून टाकलं त्या दिवसापासून हे थांबलं.

तारायंत्र

रातकिडा यांच्याशी पूर्ण सहमत. इंटरनेटवर ५०६० पोर्ट चाचपत फिरणारे प्रोग्राम अखंड चालू असतात. त्यातला सिपव्हिशस तर सर्रास भेटतो. अडॅप्टर उघडा सापडला की ते त्याला थेट कॉलचा निरोप पाठवतात आणि अडॅप्टर इमानदारीने घंटी वाजवतो. ही झाली नुसती कटकट. अडॅप्टरचं वेब पानसुद्धा बाहेरून उघडत असेल आणि पासवर्ड कारखान्यातलाच असेल, तर तुमचं खातं वापरून महागडे परदेशी कॉल केले जातात आणि बिल तुमच्या नावावर येतं.

घरच्या अडॅप्टरला पोर्ट फॉरवर्डिंग सहसा लागतच नाही, कारण सर्व्हरकडे तो स्वतःहून जातो. झटपट यांच्याकडे चालतंय हे खरं असेल, पण तेच काम कीप अलाइव्हने होतं आणि दार बंद राहतं. शिवाय 'फक्त सिप प्रॉक्सीकडूनच (म्हणजे आपल्या सेवेच्या सर्व्हरकडूनच) येणारे निरोप स्वीकारा' असा पर्याय बऱ्याच अडॅप्टरमध्ये असतो. तो चालू करावा. वेब पानाचा पासवर्ड बदलावा आणि ते पान वॅन बाजूने उघडणार नाही असं करावं.

वाटसरू

ज्यांना अडॅप्टरचं पानच सापडत नाही त्यांच्यासाठी: फोनवरूनच पत्ता विचारता येतो. लिंक्सिसच्या जुन्या पीएपी२टी प्रकारच्या अडॅप्टरवर रिसीव्हर उचलून चार वेळा स्टार, मग ११० आणि हॅश. ग्रँडस्ट्रीमच्या एचटी८०१ आणि एचटी८०२ वर तीन वेळा स्टार, मग ०२. ओबीहायवर तीन वेळा स्टार आणि १. यंत्र आयपी पत्ता वाचून दाखवतं, तो ब्राउझरमध्ये टाकायचा.

पिंपळपान

सगळ्यांचे आभार. फॉरवर्डिंग केलेलं नाही, करणारही नाही.

तारायंत्र, तुमच्या प्रश्नांची उत्तरं: राऊटरचा वॅन पत्ता १९२.१६८ ने सुरू होतो. मोडेमच्या पानावरचा पत्ता १००.७२ ने. रजिस्ट्रेशनची मुदत ३६०० सेकंद. कीप अलाइव्ह बंद. राऊटरमध्ये सिप एएलजी आहे आणि चालू आहे. मोडेमच्या पानावर मात्र तसं काही दिसत नाही. कोडेकमध्ये जी.७२९ सगळ्यात वर, मग जी.७११. डीटीएमएफ 'इन-बँड'.

तारायंत्र

आता चित्र स्पष्ट झालं. तुमचा अडॅप्टर तीन पदरी नॅटच्या मागे बसलाय. नॅट म्हणजे आतले खाजगी पत्ते बाहेरच्या सामाईक पत्त्यात बदलणारी सोय. राऊटर एक नॅट करतो. मोडेमही राऊटरसारखंच वागतोय, म्हणून तुमच्या राऊटरला १९२.१६८ चा खाजगी पत्ता मिळालाय, हे दुसरं. आणि १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते इंटरनेट कंपन्यांच्या सामाईक नॅटसाठी २०१२ मध्ये राखून ठेवलेले आहेत. तुमचा १००.७२ त्यातला, हे तिसरं. अशा जोडणीत पोर्ट फॉरवर्ड करूनही उपयोग नव्हता, कारण बाहेरचा पत्ता तुमच्या एकट्याचा नाहीच.

कॉल का वाजत नाही ते बघा. नॅट हा दारावरच्या रखवालदारासारखा आहे. आतून कोणी बाहेर गेलं की त्याचा चेहरा थोडा वेळ लक्षात ठेवतो आणि तेवढ्या वेळात त्याच्यासाठी आलेल्याला आत सोडतो. वेळ संपली की ओळख विसरतो. यूडीपीसाठी ही ओळख किमान २ मिनिटं टिकावी असं २००७ च्या आरएफसी ४७८७ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) लिहिलंय, पण कित्येक घरगुती राऊटर ३० सेकंदांतच विसरतात. तुमचा अडॅप्टर सर्व्हरला हजेरी देतो तासातून एकदा. मधल्या काळात सर्व्हरच्या वहीत तुम्ही हजर असता, अडॅप्टरही स्वतःला रजिस्टर्ड समजतो आणि कॉलचा निरोप मात्र वाटेतच पडतो. रीस्टार्टनंतर थोडा वेळ सगळं चालतं ते याचमुळे.

उपाय: कीप अलाइव्ह चालू करा, २० सेकंदांवर ठेवा. रजिस्ट्रेशनची मुदत ३६०० वरून ३०० करा. त्याहून फार कमी करू नका, काही सर्व्हर फार वरचेवर येणाऱ्या रजिस्ट्रेशनला अडवतात.

दुसरं, राऊटरमधला सिप एएलजी बंद करा. सिपच्या निरोपातला खाजगी पत्ता खोडून तिथे बाहेरचा पत्ता लिहावा, यासाठी तो बनवलेला आहे. पण कित्येक राऊटरमध्ये तो अर्धवट काम करतो. एका ठिकाणचा पत्ता बदलतो, दुसऱ्या ठिकाणचा तसाच ठेवतो. मग सर्व्हर आवाज भलत्याच जागी पाठवत बसतो. तुमचा एकतर्फी आवाज तिथूनच येत असणार. बहुतेक सेवांचे सर्व्हर आता आलेल्या आवाजाचा पत्ता बघून त्याच पत्त्यावर उलटा आवाज पाठवतात, त्यामुळे मध्ये कोणी ढवळाढवळ केली नाही की आपोआप जुळतं. एएलजी बंद केल्यावर राऊटर आणि अडॅप्टर दोन्ही रीस्टार्ट करा, जुन्या ओळखी पुसल्या जाऊ द्या.

स्टनला सध्या हात लावू नका. बाहेरून आपला पत्ता कसा दिसतो ते स्टन विचारून देतो, पण नॅट जर प्रत्येक पलीकडच्या पत्त्यासाठी वेगळा पोर्ट देत असेल तर स्टनने सांगितलेला पोर्ट चुकीचा ठरतो. तीन पदरी जोडणीत तशी शक्यता जास्त.

टिकटिक

आकडे न कळण्याबद्दल लिहितो. बटण दाबल्यावर जो दुहेरी सूर निघतो तो डीटीएमएफ. इन-बँडमध्ये तो सूर आवाजातच मिसळून जातो. जी.७२९ हा कोडेक माणसाच्या बोलण्याचा साचा धरून आवाज दाबतो. सेकंदाला ६४ हजार बिटांचं बोलणं तो ८ हजारांत बसवतो. सूर हे बोलणं नव्हे, त्यामुळे ते वेडेवाकडे होऊन बाहेर पडतात आणि पलीकडच्या यंत्राला ओळखता येत नाहीत.

डीटीएमएफची पद्धत 'आरएफसी २८३३' निवडा. काही अडॅप्टरवर 'आरएफसी ४७३३' लिहिलेलं असेल. २००० साली आलेल्या २८३३ ची जागा २००६ मध्ये ४७३३ ने घेतली, घरच्या वापरापुरतं दोन्ही एकच समजा. यात 'पाच दाबलं' असा वेगळा पॅकेट जातो, सूर जात नाही. आणि कोडेकच्या यादीत जी.७११ सगळ्यात वरती आणा. घरच्या जोडणीला तो सहज पेलतो, आणि वयस्कर माणसांना त्यातलं बोलणं जास्त स्वच्छ कळतं. जी.७११ मध्ये ए-लॉ आणि म्यू-लॉ असे दोन प्रकार आहेत. उत्तर अमेरिका आणि जपानमध्ये म्यू-लॉ, बाकी बहुतेक जगात ए-लॉ. दोन्ही यादीत ठेवा, पण तुमची सेवा जो सुचवते तो वर.

आणखी एक, 'सायलेन्स सप्रेशन' बंद ठेवा. बोलणारा थांबला की ते आवाज पाठवणं बंद करतं. ऐकणाऱ्याला फोन कट झाला असं वाटतं आणि शब्दाची सुरुवात खाल्ली जाते.

मापपट्टी

जी.७११ पेलतो म्हणजे किती, ते मांडून दाखवतो. दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येकात आवाजाचे १६० बाइट आणि आयपी, यूडीपी, आरटीपीच्या मथळ्यांचे ४०. २०० बाइट गुणिले ५० गुणिले ८, झाले ८० केबीपीएस. इथरनेटचा भार धरून ८७ च्या आसपास, आणि तेवढाच उलट दिशेने. म्हणजे वेग हा प्रश्नच नाही.

तरीही आवाज तुटतो तो रांगेमुळे. घरात कोणी मोठी फाइल चढवायला घेतली की राऊटरच्या पोटात अपलोडची लांब रांग लागते, आणि आवाजाचे छोटे पॅकेट त्या रांगेत मागे उभे राहतात. आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या) जी.११४ शिफारशीनुसार एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. त्यापुढे माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. राऊटरमध्ये क्यूओएस (कोणाचे पॅकेट आधी सोडायचे ते ठरवायची सोय) असेल तर अडॅप्टरच्या पत्त्याला वरचा क्रम द्या आणि अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगापेक्षा थोडी खाली ठेवा, म्हणजे रांग मोडेममध्ये न लागता राऊटरच्या ताब्यात राहते. जिटर बफर (मागेपुढे येणारे पॅकेट थोडे थांबवून सलग वाजवणारा साठा) 'अडॅप्टिव्ह' ठेवा. तो उगाच मोठा केला तर तुटणं थांबतं, पण उशीर वाढतो.

वाटसरू

कॉल लागायला वेळ लागतो तो डायल प्लॅनमुळे, म्हणजे कुठला नंबर किती अंकांचा हे सांगणाऱ्या सेटिंगमुळे. तुम्ही नंबर संपवला की अजून दाबणार आहात, हे अडॅप्टरला कळत नाही, म्हणून तो वाट बघतो. लगेचचा उपाय म्हणजे शेवटी हॅश दाबणं. पण आईला ती नवी सवय लावण्यापेक्षा डायल प्लॅन लिहावा. त्यात एक्स म्हणजे कुठलाही एक अंक. तुमच्याकडचे नंबर ठरावीक अंकांचे असतील तर तेवढे एक्स लिहा, नंबर पुरा झाला की कॉल लगेच सुटतो. ज्या नंबरांची लांबी ठरलेली नाही, जसे परदेशी, त्यांच्यासाठी शेवटी 'कितीही अंक' हे चिन्ह ठेवा. लिंक्सिस घराण्यात ते टिंब आहे, ग्रँडस्ट्रीममध्ये अधिकचं चिन्ह. तिथे मात्र थांबण्याची वेळ लागू होते, ती साधारण ४ सेकंद करा. वयस्कर माणूस आकडे सावकाश दाबतो, फार कमी केली तर अर्धाच नंबर सुटेल.

आणि आणीबाणीचे छोटे नंबर डायल प्लॅनमध्ये आहेत ना, हे आवर्जून तपासा. प्लॅन फार घट्ट लिहिला तर अडॅप्टर ते नाकारतो, आणि हे कळतं नेमकं गरजेच्या वेळी.

शांतघर

वाटसरूंनी विषय काढलाच आहे तर मला कळकळीने सांगायचंय. जुन्या लाइनला वीज एक्स्चेंजमधून मिळायची. तारेवर ४८ व्होल्ट असायचे आणि मागे एक्स्चेंजच्या बॅटऱ्या, म्हणून घरात अंधार असला तरी फोन चालायचा. अडॅप्टरचं तसं नाही. वीज गेली की मोडेम, राऊटर आणि अडॅप्टर तिन्ही बंद. घरात एकटं वयस्कर माणूस असेल तर या तिघांना छोटा यूपीएस हवाच. त्यांची वीजखप कमी असते, लहानसा यूपीएससुद्धा बराच वेळ टिकतो. कॉम्प्युटर त्यावर लावू नका.

दुसरं म्हणजे, आणीबाणीचा कॉल कुठून आलाय हे इंटरनेट फोनमध्ये आपोआप कळेलच असं नाही. तुमच्या सेवेत घरचा पत्ता नोंदवायची सोय असेल तर आजच नोंदवा. काही सेवा आणीबाणीचे कॉल जोडतच नाहीत. तसं असेल तर आईजवळ बटणांचा साधा मोबाइलही ठेवा आणि कुठल्या वेळी कुठला फोन उचलायचा ते मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

कानोसा

माझा प्रश्न जवळचाच आहे म्हणून इथेच विचारते. आमच्याकडे अडॅप्टर चालतो, पण फोन करणाऱ्या मंडळींना स्वतःचाच आवाज परत ऐकू येतो. आम्हाला काही जाणवत नाही.

टिकटिक

ज्याला प्रतिध्वनी ऐकू येतो त्याच्या विरुद्ध टोकाला तो तयार होतो, म्हणजे तुमच्याकडे. हँडसेटच्या दोनच तारांवरून जाणारा आणि येणारा, दोन्ही आवाज एकत्र धावतात. अडॅप्टर त्यांना वेगळं करतो. फोनचा आणि अडॅप्टरचा इम्पीडन्स (विद्युत विरोध) जुळला नाही की आलेल्या आवाजाचा थोडा भाग उलटा निघतो. जुन्या लाइनवरही असं व्हायचं, पण उशीर इतका कमी असायचा की कानाला कळत नसे. इंटरनेटवर उशीर वाढतो आणि तोच आवाज वेगळा ऐकू येतो.

एफएक्सएस इम्पीडन्सच्या रकान्यात बहुधा ६०० ओहम असेल. तुमच्या देशाच्या नावाचा पर्याय यादीत असेल तर तो लावून बघा. मग गेन (आवाज किती वाढवायचा ते माप) कमी करा, दोन्ही दिशांना उणे ३ डेसिबलपासून सुरुवात करा. आवाज फार मोठा ठेवला तर इको कॅन्सलर गोंधळतो. फोनची वायर लांब असेल किंवा जोडावर गंज असेल तर आधी नवी, छोटी वायर लावून बघा.

कानोसा

इम्पीडन्स देशाप्रमाणे लावला आणि गेन उतरवला. प्रतिध्वनी जवळजवळ गेला, मनापासून आभार. आता वाटतंय की घरातल्या जुन्या भिंतीतल्या वायरिंगलाच अडॅप्टर जोडावा, म्हणजे प्रत्येक खोलीत फोन वाजेल. चालेल का?

तारायंत्र

चालेल, पण एक गोष्ट आधी करायचीच. बाहेरून येणारी जुनी लाइन घरात शिरते तिथे ती पूर्ण तोडून वेगळी करा. नुसती सेवा बंद केली म्हणजे तारेत वीज नाही असं धरू नका. एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट आणि घंटीच्या वेळचा त्याहून बराच जास्त एसी दाब अडॅप्टरच्या एफएक्सएस पोर्टवर आला तर पोर्ट जळतो. एफएक्सएस स्वतः वीज देणारं टोक आहे, त्यात बाहेरची वीज शिरता कामा नये. त्याच जोडीवर डीएसएल इंटरनेट येत असेल तर ती आधी मोडेमपर्यंत वेगळी न्यावी लागेल.

फोन किती लावायचे याला मर्यादा आरईएन आकड्याची, म्हणजे घंटी वाजवायला फोन किती ताकद घेतो त्या मापाची. जुना खरी घंटा असलेला फोन साधारण १ आरईएन घेतो, इलेक्ट्रॉनिक फोन त्याहून कमी. अडॅप्टर किती झेपवतो ते त्याच्या माहितीपत्रकात असतं. त्यापुढे गेलात तर घंटी मरतुकडी वाजते किंवा वाजतच नाही.

पिंपळपान

इकडची प्रगती कळवते. कीप अलाइव्ह २० सेकंद, मुदत ३००, राऊटरचा एएलजी बंद, जी.७११ वर, डीटीएमएफ बदललं, डायल प्लॅन लिहिला. येणारे कॉल रात्रभरानंतरही वाजतात! दोन्ही बाजूंचा आवाज येतो, बटणंही कळतात. आईने काल मावशीशी मनसोक्त गप्पा मारल्या, पण तो कॉल तिने लावलेला होता.

एक नवं लक्षण: येणारा कॉल उचलला की बोलणं सुरू होतं आणि अर्ध्या मिनिटाने कट होतं. दर वेळी जवळजवळ तेवढ्याच वेळाने. आम्ही लावलेले कॉल कट होत नाहीत.

तारायंत्र

घड्याळ लावून बघा, ३२ सेकंद निघतील. यामागे एक ठरलेला हिशोब आहे. तुम्ही रिसीव्हर उचलला की अडॅप्टर '२०० ओके' असा निरोप पाठवतो आणि त्याची पोच म्हणून सर्व्हरकडून 'एसीके' यायची वाट बघतो. पोच आली नाही तर निरोप पुन्हा पुन्हा पाठवतो. सिपच्या मूळ दस्तऐवजात, म्हणजे २००२ च्या आरएफसी ३२६१ मध्ये, टी१ नावाची वेळ ५०० मिलिसेकंद आहे आणि थांबायची मर्यादा तिच्या ६४ पट. म्हणून ३२ सेकंद. तोवर आवाज चालू असतो, त्यामुळे सगळं ठीक वाटतं.

तुमच्याकडे पोच वाटेत हरवते आहे. राऊटरचा एएलजी बंद केलात, पण मोडेमही नॅट करतोय आणि त्यात लपलेला एएलजी असू शकतो. तो निरोपातला परतीचा पत्ता बिघडवतो आणि पोच भलतीकडे जाते. दोन वाटा आहेत. कंपनीला सांगून मोडेम ब्रिज मोडवर घेणं (मग तो राऊटरसारखा न वागता जोडणी नुसती पुढे देतो), म्हणजे एक नॅटही कमी होईल. किंवा तुमची सेवा टीएलएस (निरोप कूटबद्ध करून पाठवायची पद्धत) देत असेल तर सिप ट्रान्सपोर्ट यूडीपीऐवजी टीएलएस करणं, पोर्ट बहुधा ५०६१. निरोप कूटबद्ध झाले की मधल्या कुठल्याही एएलजीला ते वाचताच येत नाहीत, मग बदलणार काय! शिवाय टीएलएस टीसीपीवर (आधी जोडणी करून पोच घेत जाणाऱ्या पद्धतीवर) चालतो आणि टीसीपीची ओळख नॅट जास्त वेळ धरून ठेवतो.

टीएलएस लावताना अडॅप्टरमध्ये एनटीपी सर्व्हर (इंटरनेटवरून बरोबर वेळ देणारा) भरलेला असू द्या. घड्याळ चुकीचं असेल तर प्रमाणपत्राची मुदत जुळत नाही आणि रजिस्ट्रेशन होत नाही.

मापपट्टी

पूरक माहिती: कॉल ३२ सेकंदांऐवजी बरोबर १५ किंवा ३० मिनिटांनी कट होत असेल तर तो वेगळा आजार. सेशन टायमर (कॉल अजून चालू आहे ना ते तपासणारं घड्याळ) बहुधा १८०० सेकंदांचा असतो आणि त्याच्या निम्म्या वेळी ताजेपणाचा निरोप जातो. तो हरवला की असं होतं. रजिस्ट्रेशनच होत नसेल तर अडॅप्टरच्या लॉगमधला आकडा बघा. ४०१ दिसला तर घाबरू नका, सर्व्हर आधी नेहमीच ओळख मागतो. त्यानंतर ४०३ आला तर खातं किंवा पासवर्ड, ४०८ म्हणजे उत्तरच आलं नाही. आणि कॉल करताना ४८८ आला तर कोडेक जुळत नाही.

पिंपळपान

आमच्या सेवेत टीएलएस होतं. तेच लावलं, एनटीपी भरला. येणारे कॉल आता तुटत नाहीत. मोडेमला हात लावावा लागला नाही. यूपीएस मागवलाय, आणि सेवेच्या पानावर घरचा पत्ता नोंदवला. शांतघर, तुम्ही सांगितलं नसतं तर ते सुचलंही नसतं.

शेवटचं एक: फोनच्या छोट्या पडद्यावर नंबर उमटत नाही. कोणाचा फोन आहे हे बघून उचलायची आईला सवय आहे.

टिकटिक

'कॉलर आयडी स्कीम' बदला. बेलकोर, ईटीएसआय आणि डीटीएमएफ या तीन मुख्य पद्धती. फोन ज्या देशासाठी बनलाय तिथली पद्धत लावावी लागते. न जमल्यास एकेक लावून बघा. बेलकोर पद्धतीत नंबर पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मध्ये जातो, तेव्हा तपासताना पहिल्याच घंटीला उचलू नका.

पिंपळपान

ईटीएसआयच्या यादीतल्या दुसऱ्या पर्यायाने उमटला! नावही येतंय.

तारायंत्र

छान. आता हे सगळं चालू असतानाच अडॅप्टरच्या पानावरून कॉन्फिगरेशनचा बॅकअप उतरवून ठेवा. काही अडॅप्टर त्या फाइलमध्ये सिपचा पासवर्ड उघडाच लिहितात, तेव्हा ती फाइल कोणाला मेलने पाठवू नका आणि मदत मागताना इथे चिकटवू नका. फर्मवेअर बदलण्याआधी पुन्हा एकदा बॅकअप घ्या, आणि बदलल्यावर राऊटरचा एएलजी, कीप अलाइव्ह आणि ट्रान्सपोर्ट हे तीन रकाने आधी बघा. अपडेटनंतर तेच सगळ्यात जास्त वेळा मूळपदावर गेलेले सापडतात.